नोंदवही आणि नवागत : वऱ्हाडातील सार्वजनिक चर्चेच्या प्रवेशद्वारांचा विचार

अमरावती जिल्ह्यातील धामणगावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द जोडण्याची रूढी आहे. त्याच जिल्ह्यात धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. तेव्हा टपाल भलत्या गावी जाऊ नये म्हणून या गावाने आपली ओळख आपल्या स्थानकावरून सांगावी, हे स्वाभाविकच होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि त्यावरील हे स्थानक यवतमाळकडे जाणाऱ्या उतारूंचे व मालाचे उतरण्याचे ठिकाण बनले. दत्तापूर व धामणगाव मिळून झालेल्या या पेठेत कापसाच्या हंगामात शेतकरी, अडते, दलाल, हमाल, कारकून व सरकी-कापड विकणारे फिरते व्यापारी एकत्र येत. गावात नव्याने येणारा मनुष्य ही तेथे नित्याचीच बाब होती.

अशा गावी आलेल्या, किंवा त्याच गावात जन्मूनही सार्वजनिक व्यवहाराच्या बाहेर राहिलेल्या माणसास, लोकांच्या सामाईक प्रश्नांविषयी चाललेल्या बोलण्यात भाग कसा मिळत असे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून महाराष्ट्रात व वऱ्हाडात सार्वजनिक चर्चेची जी साधने उदयास आली, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी नावांची एक यादी होती. सभेस सभासदांची यादी, वृत्तपत्रास वर्गणीदारांची यादी, वाचनालयास वाचकांची यादी. सूचनापत्रे, अहवाल व अंक या यादीवरील माणसांस टपालाने जात; यादीबाहेरच्यास ती मिळत नसत. या पद्धतीमुळे नव्या माणसाचा हिरमोड होऊन तो चर्चेपासून दूर राहिला काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर सरसकट ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. नोंदवही होती किंवा नव्हती, एवढ्यावर काहीच ठरत नाही. ती दाराच्या बाहेर ठेवली होती की आत, म्हणजे नाव नोंदविल्यावाचून ऐकताच येत नव्हते की प्रथम ऐकून मग नाव नोंदविता येत होते, यावर नवागताचे भवितव्य अवलंबून राहिले.

१. बंद दाराची जुनी परंपरा

चर्चा आपल्या मंडळींपुरती राखण्याची कल्पना मुद्रणयुगाबरोबर आलेली नाही. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभाव पंथाचे आद्य केंद्र. मराठी गद्याचा प्रारंभकाळ ज्या ‘लीळाचरित्रा’ने उजळला, त्याची रचना तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तेथेच केली. चौदाव्या शतकात या पंथाने आपले ग्रंथ सकळा व अन्य सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. परिणाम दुहेरी झाला. ग्रंथांचा पाठ जपला गेला; अनधिकारी हातांनी त्यांत भर घालणे कठीण झाले. परंतु त्याच वेळी पंथाबाहेरचा मराठी वाचक सुमारे पाच-साडेपाच शतके या वाङ्मयास पारखा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा कोठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पहिला अध्याय नव्याने लिहावा लागला.

हे उदाहरण टोकाचे आहे हे खरे. तथापि पुढील सर्व प्रकरणांत आढळणारे द्वंद्व त्यात स्पष्टपणे दिसते. जे बंधन आतल्या माणसांस सातत्य देते, तेच बाहेरच्यास अडविते. यादीचा विचार करताना या दोन्ही बाजू सारख्याच ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

२. सभा, मुखत्यारपत्र आणि मोजके लोक

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. जो कोणी सभासद होऊ इच्छील त्याने किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. या नियमामागील हेतू उदार होता. सभेत बोलणारा मनुष्य स्वतःपुरता बोलत नाही, त्याच्यामागे यादीत नसलेली पन्नास माणसे आहेत, हे सरकारास दाखविता यावे ही त्यातील दृष्टी होती. आणि दुष्काळ, शेतसारा यांसारख्या प्रश्नांवर सभेने केलेल्या कामास त्यामुळे वजन आले, हेही नाकारता येत नाही.

परंतु नवागताच्या बाजूने पाहिल्यास चित्र निराळे दिसते. पन्नास सह्या जमविणे हे काम ज्याची गावात आधीच प्रतिष्ठा आहे त्यासच साधणारे होते. ज्यास केवळ एक प्रश्न विचारावयाचा आहे किंवा एखादी तक्रार मांडावयाची आहे, त्याच्यासाठी या रचनेत आपला मुखत्यार शोधणे एवढाच मार्ग उरे. १८७८ पासून निघू लागलेले सभेचे त्रैमासिक इंग्रजीत होते. म्हणजे भाषेची आणखी एक यादी पहिल्या यादीवर चढली. यादीचा तिसरा गुण १८९५ साली प्रकट झाला. सभासदांच्या बहुमताने टिळकपक्षाने सभेची सूत्रे हाती घेतली आणि न्यायमूर्ती रानडे व गोखले यांस १८९६ साली डेक्कन सभा ही निराळी संस्था काढावी लागली. ज्याच्या हाती नोंदवही त्याच्या हाती संस्था, हे त्या प्रसंगाने सिद्ध केले. त्यानंतर कोणास सभासद करून घ्यावयाचे हा प्रश्न विचारांचा न राहता बळाचा होत गेला.

वऱ्हाडचे सार्वजनिक जीवनही प्रारंभी याच मुशीतून घडले. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या प्रांतात वकील, शिक्षक व व्यापारी यांचा एक नवा वर्ग अमरावती व अकोला येथे उभा राहिला. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस सर चेट्टूर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण उपाख्य दादासाहेब खापर्डे होते, व रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे त्या पिढीचे दुसरे अग्रणी होत. अधिवेशन वऱ्हाडात भरले तरी चर्चेचे माध्यम इंग्रजी होते आणि प्रतिनिधी नेमून आलेले होते. अमरावतीचा किंवा धामणगावचा सामान्य रहिवासी मंडप पाहू शकत होता. मंडपातील चर्चेत त्याचा शिरकाव नव्हता.

३. वर्गणीदार आणि मुक्तद्वार

वृत्तपत्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू झाले तेव्हापासून मराठी पत्रे वर्गणीदारांच्या बळावर चालत. वर्षाची वर्गणी आगाऊ भरावयाची व वर टपालहशील द्यावयाचे, हा रिवाज होता. १८५४ च्या टपालसुधारणेने अर्ध्या आण्यात पत्र देशभर जाऊ लागले, १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले, आणि लोहमार्गाने अंकांची वाटणी जलद झाली. तरीही वर्गणीदार होणे म्हणजे एका प्रश्नासाठी वर्षभराचा संपूर्ण प्रवाह स्वीकारणे होते. ज्यास केवळ सरकीच्या भावाविषयी किंवा शाळेच्या फीविषयी चार ओळी लिहून कळवावयाच्या होत्या, त्याने बावन्न अंकांचे पैसे आधी का भरावेत, हे त्यास समजणे कठीण होते. शिवाय १९०१ च्या शिरगणतीत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचांच्या आसपास होते. स्त्रियांत ते शेकडा एकाहूनही कमी होते. वर्गणीदारांच्या यादीचे दार आधीच इतके अरुंद होते.

असे असता वृत्तपत्रांतील चर्चा यादीबाहेर पसरली ती दोन उपायांनी. पहिला उपाय म्हणजे टोपणनावाने किंवा नाव न देता पत्र छापण्याची मुभा. १८४८ पासून ‘प्रभाकरा’त आलेली लोकहितवादींची पत्रे हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण. तेथे लिहिणारा प्रतिष्ठित अधिकारी होता. पण ती सोय अप्रतिष्ठित लेखकासही तितकीच उपयोगी होती. अमुक एक कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या जातीचा, हे विचारल्यावाचून त्याचे म्हणणे छापले जाऊ शकत होते. दुसरा उपाय सामूहिक वाचनाचा. चावडीवर, दुकानाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या पडवीत एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, ही रीत खेड्यापाड्यांत रूढ होती. वर्गणीदाराचे नाव एक, श्रोते अनेक. आणि श्रोत्यांत वादही होत. पत्रचालकाच्या वहीत यांपैकी फक्त एक मनुष्य आढळतो.

वाचनालयांनी हाच भेद आपल्या रचनेत आणला. १८२८ साली रत्नागिरीस स्थापन झालेल्या ग्रंथालयापासून सुरू झालेली परंपरा पुढे वऱ्हाडातील शहरांत व पेठांत पोहोचली. ग्रंथ घरी नेण्यासाठी अनामत व वर्गणी, परंतु मेजावरील वृत्तपत्रे कोणीही येऊन वाचावीत, अशी दुहेरी व्यवस्था होऊन ‘मुक्तद्वार’ हा अर्थपूर्ण शब्द रूढ झाला. येथे नोंदवही रद्द झालेली नाही. ती आतल्या कपाटाजवळ सरकविली आहे. नवा मनुष्य येतो, बाकावर बसतो, पत्र वाचतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, आणि गोडी लागली तर मग नाव नोंदवितो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागील अंकांच्या बांधीव फाइली. चालू वादाचा पूर्वार्ध ठाऊक नसल्याने नवागत गप्प राहतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. फाईल हाताशी असली की हे अज्ञान एका दुपारीत दूर होते. वर्गणीदारास टपालाने आलेला अंक त्याच्या घरी राहतो, पुढे रद्दीत जातो. मुक्तद्वार विभागातील अंक उद्याच्या वाचकासाठीही शिल्लक राहतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांस शासनमान्यता व अनुदान यांची चौकट दिली, तरी वर्गणीदार व मुक्तद्वार वाचक हा जुना भेद तिच्यात विरून गेला नाही.

४. कापूसबाजारातील यादी

सार्वजनिक चर्चा म्हणजे केवळ सभा व पत्रे नव्हेत. धामणगावासारख्या पेठेत सर्वांत निकडीची चर्चा भावाची असे, आणि तिच्यात भाग न मिळण्याची किंमत रोकड रुपयांत मोजावी लागे. अनेक बाजारांत दलाल व खरेदीदार रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा असून त्यास काय ठरले ते ठरल्यावर कळे. सकळा लिपीप्रमाणेच ही देखील आतल्यांची लिपी होती, फक्त येथे तिच्या अज्ञानाने माणूस ग्रंथास मुकत नसून मिळकतीस मुकत होता.

या बाबतीत वऱ्हाडास मान आहे तो नियंत्रित बाजाराच्या आद्यत्वाचा. १८८६ साली कारंजा येथील बाजार नियंत्रणाखाली आला, आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अडते, दलाल व मापारी यांस परवाना घेणे आवश्यक करून त्यांच्या याद्या केल्या. मापात व वजनात शिस्त आली. परंतु बाजार समितीवर व्यापारी व नगरपालिका यांचे प्रतिनिधी होते. कापूस पिकविणाऱ्यास तेथे जागा नव्हती. १९२८ सालच्या शेतीविषयक राजकीय आयोगाने हे वैगुण्य दाखवून दिले. येथे यादीने दोन कामे केली. अप्रामाणिक मध्यस्थास तिने आळा घातला, आणि ज्याच्या हितासाठी हा आळा घातला त्यासच चर्चेबाहेर ठेवले. १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजारविषयक अधिनियमाने समित्यांवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींस स्थान दिले. पण मूळ योजनेत त्यांची निवड सहकारी संस्था व ग्रामपंचायती यांच्यामार्फत व्हावयाची होती. म्हणजे एका यादीचे दार उघडले ते दुसऱ्या यादीच्या दिंडीदरवाजातून.

याउलट उघड लिलावाची पद्धत पाहावी. गाडीपाशी सर्वांसमक्ष बोली होते, आकडा मोठ्याने उच्चारला जातो, आणि पहिल्यांदाच बाजारात आलेला तरुण शेतकरीही तासाभरात भावाची चाल ओळखू लागतो. त्याने कोठेही नाव नोंदविलेले नसते. बोलण्याचा अधिकार परवानाधारकास राहिला तरी ऐकण्याचा अधिकार सर्वांस मिळाला, एवढ्यानेच व्यवहाराचे स्वरूप पालटले.

५. चार आणे आणि दोन हजार वार

प्रवेशाची अट बदलली असता काय घडते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण राष्ट्रीय सभेच्या इतिहासात सापडते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर अधिवेशनाने नवी घटना संमत केली. वर्षास चार आणे वर्गणी देणाऱ्या प्रौढ व्यक्तीस सभासदत्व खुले झाले, आणि प्रांतिक समित्या भाषावार ठरून वऱ्हाडास स्वतंत्र प्रांतिक समिती मिळाली. नोंदवही कायम राहिली. उंबरठा मात्र खाली आला, व बोलण्याची भाषा मराठी झाली. १८९७ साली मंडपाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा मुलगा आता तालुका समितीत बसू शकत होता. तरीही १९२१ साली एक कोटी रुपये व एक कोटी सभासद असे दुहेरी लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा रुपयांचे लक्ष्य गाठले गेले. सभासदांचा आकडा एक कोटीच्या बराच खाली राहिला. पैसा देणे व नाव देणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक अवघड आहे, हा बोध त्यातून मिळतो.

डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगाव येथे भरलेल्या अधिवेशनाने अट बदलली. चार आण्यांऐवजी सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे असे ठरले. अटीमागील विचार उच्च होता. पैसा देऊन मोकळे होणाऱ्यापेक्षा श्रम करणारा सभासद अधिक खरा, ही ती भूमिका. परंतु दरमहा पुनःपुन्हा पाळावयाची अट ही एकदा ओलांडावयाच्या उंबरठ्याहून जड असते. सभासदसंख्या रोडावली, आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आणे किंवा सूत असा विकल्प पुन्हा द्यावा लागला. नऊ महिन्यांच्या या प्रयोगाने दाखविले की निष्ठावंतांची यादी व चर्चा करणाऱ्यांची यादी एकच असली पाहिजे असा आग्रह धरल्यास चर्चा आकसते.

६. ज्यास यादीच नव्हती

अमरावती जिल्ह्याने सार्वजनिक संवादाचे आणखी एक रूप महाराष्ट्रास दिले, आणि त्यात नोंदवहीस जागाच नव्हती. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या कीर्तनास येण्यासाठी निमंत्रण, वर्गणी, जात किंवा अक्षरओळख यांपैकी कशाचीही गरज नसे. ते आपला कोणी शिष्य मानीत नसत, त्यामुळे शिष्यांची यादीही नव्हती. त्यांच्या कीर्तनाचा विशेष असा की ते समोरच्या समुदायास प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करावा काय, देवास बोकड लागतो काय, मुलास शाळेत घालावे की न घालावे, असे विषय निघत, आणि समुदाय त्यांस उत्तर देई. आलेला मनुष्य श्रोता म्हणून बसे व नकळत संवादक होई. कीर्तनापूर्वी हाती खराटा घेऊन गाव झाडण्याची त्यांची रीत होती. त्या कामातही कोणासही भाग घेता येई. नवागतास प्रथम हातास काम व मग तोंडास प्रश्न मिळे. याहून सोपा प्रवेश कल्पिता येणे कठीण आहे.

तथापि धर्मशाळा, पाठशाळा व अन्नछत्रे उभी राहिली, तेव्हा त्यांच्यासाठी विश्वस्त नेमावे लागले. मालमत्तेस जबाबदार माणसांची यादी लागतेच. संवादास ती लागत नाही. गाडगे महाराजांनी या दोहोंची गल्लत होऊ दिली नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे स्थापन केलेल्या गुरुकुंज आश्रमाच्या कार्यातही हाच विवेक दिसतो. श्रीगुरुदेव सेवा मंडळास शाखा, प्रचारक व कार्यकर्ते होते. १९५५ च्या ‘ग्रामगीते’चा प्रसार त्यांनीच गावोगाव केला. पण सामुदायिक प्रार्थनेस बसण्यासाठी मंडळाचे सभासद असण्याची अट नव्हती. ओळीत येऊन बसावे, रोजच्या परिचयाने गावच्या कामात यावे, आणि पुढे वाटल्यास कार्यकर्ता व्हावे, असा हा क्रम होता.

७. आक्षेप व निष्कर्ष

या विवेचनावर एक सबळ आक्षेप घेता येतो. ज्याची यादी नाही त्याची स्मृती राहत नाही, असा तो आक्षेप होय. सार्वजनिक सभेच्या अर्जांचा, ठरावांचा व सभासदांचा इतिहास आज लिहिता येतो, कारण तिने नोंदी ठेवल्या. गाडगे महाराजांचे चरित्र प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली लिहिले. पण त्यांच्या हजारो कीर्तनांत कोणत्या शेतकऱ्याने काय उत्तर दिले, कोणत्या स्त्रीने काय विचारले, हे बहुतांशी वाऱ्यावर विरले. खुल्या चर्चेत काल काय ठरले ते आज आलेल्यास सांगणारे कोणी नसेल, तर तोही एक प्रकारचा नवागत-निरोधच ठरतो. यादीमुळे जबाबदारी येते, पाठपुरावा होतो, आणि संकटकाळी हाक कोणास मारावयाची हे कळते. हे सर्व मान्य केले पाहिजे.

परंतु या आक्षेपाने यादीचे समर्थन होते ते नोंदीपुरते, अटकावापुरते नव्हे. वरील उदाहरणांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. ऐकण्यापूर्वी नाव मागणारी यादी नवागतास परतविते, ऐकल्यानंतर नाव मागणारी त्यास सामावून घेते. वारंवार पाळावयाची अट एकवेळच्या अटीहून अधिक माणसे गाळते. आणि मागील चर्चेचे दप्तर सर्वांस खुले असेल, तर यादी असूनही दार उघडे राहते. ते बंद असेल, तर यादी नसूनही नवा मनुष्य परकाच राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातून एक सावधगिरीची सूचनाही निघते. दप्तरखान्यांत जे टिकते ते बहुधा यादीधारकांचे असते. सभासदांच्या नामावळीत शेतकरी, मजूर व स्त्रिया दिसत नाहीत, यावरून ते त्या काळच्या चर्चेत नव्हतेच असा निष्कर्ष काढणे म्हणजे नोंदवहीच्या कर्त्याचा उंबरठा आपणही मान्य करणे होय. धामणगाव, चांदूर, कारंजा, मोझरी यांसारख्या गावांच्या सार्वजनिक जीवनाचा शोध घेताना सभासदपुस्तकांबरोबर बाजार समित्यांची कागदपत्रे, वाचनालयांच्या मुक्तद्वार विभागांची टिपणे, गावकऱ्यांच्या आठवणी व कीर्तनपरंपरेतील मौखिक साधने यांचाही उपयोग करणे अगत्याचे आहे. त्यांवाचून वऱ्हाडातील लोकचर्चेचा इतिहास हा तिच्या वर्गणीदारांपुरताच इतिहास राहील.